‘एड वुड’ची निर्मिती : एका कृष्णधवल हट्टाचं प्रकरण

एप्रिल १९९३मध्ये कोलंबिया स्टुडिओने एक चित्रपट सोडून दिला. पटकथा लिहून झाली होती, दिग्दर्शक ठरला होता आणि चित्रीकरण एका महिन्यावर आलं होतं. दिग्दर्शकही ऐरागैरा नव्हता. टिम बर्टनच्या ‘बॅटमॅन’ने (१९८९) जगभरात ४० कोटी डॉलरहून जास्त कमाई केली होती. तरी गाडं अडलं, कारण त्याला हा चित्रपट कृष्णधवल काढायचा होता आणि त्यात कुणाचा हात नको होता. चित्रपट होता एड वुडवरचा. पुठ्ठ्याच्या थडग्यांचे आणि डगमगत्या भिंतींचे सिनेमे काढणाऱ्या या माणसाला त्याच्या मृत्यूनंतर ‘आजवरचा सर्वांत वाईट दिग्दर्शक’ ही पदवी मिळाली होती.

चरित्रपट काढताना कुठले निर्णय खरे महत्त्वाचे असतात, ते कधी घ्यावे लागतात आणि त्यांची किंमत कोण मोजतं, हे या प्रकरणात फार स्वच्छ दिसतं. म्हणून ते सविस्तर मांडतो आहोत.

पार्श्वभूमी

एडवर्ड डी. वुड ज्युनियरचा जन्म १० ऑक्टोबर १९२४चा, न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीचा. दुसऱ्या महायुद्धात तो मरीन दलात होता. युद्धानंतर हॉलिवूडला आला आणि मोठ्या स्टुडिओंच्या फाटकाबाहेर राहून, मिळेल त्याच्या पैशावर सिनेमे काढू लागला.

त्याचे तीन सिनेमे या प्रकरणाशी जोडलेले आहेत. पहिला ‘ग्लेन ऑर ग्लेंडा’ (१९५३). ख्रिस्टीन जॉर्गेनसनच्या लिंगबदलाची बातमी तेव्हा गाजत होती आणि निर्मात्याला त्यावर झटपट सिनेमा हवा होता. वुडला स्वतःला बायकी कपडे घालायला आवडायचे, अंगोरा लोकरीचे तर फारच. त्याने निर्मात्याचा विषय बाजूला सारून जवळजवळ स्वतःचीच गोष्ट सांगितली आणि मुख्य भूमिकाही केली. दुसरा ‘ब्राइड ऑफ द मॉन्स्टर’ (१९५५). यात मांसाच्या व्यापाऱ्याने पैसे घातले आणि त्याचा मुलगा नायक झाला. तिसरा ‘प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस’. याला पैसा बॅप्टिस्ट चर्चच्या मंडळींकडून आला. मूळ नावात थडगी उकरणाऱ्यांचा उल्लेख होता, तो त्यांना खटकला म्हणून नाव बदललं. १९५७मध्ये त्याचा पहिला खेळ झाला.

तिन्ही सिनेमांत बेला लुगोसी आहे. १९३१चा ड्रॅक्युला म्हणून जग ज्याला ओळखत होतं तो हा हंगेरियन नट पन्नाशीच्या दशकात बेकार होता आणि मॉर्फिनच्या आहारी गेला होता. १९५५मध्ये तो आपण होऊन उपचारांसाठी सरकारी रुग्णालयात दाखल झाला. १६ ऑगस्ट १९५६ला वयाच्या ७३व्या वर्षी वारला. मागे वुडकडे त्याची थोडीशी मूक फीत राहिली होती. त्या तुकड्यांभोवती वुडने ‘प्लॅन ९’ रचला आणि उरलेल्या दृश्यांत बायकोच्या ओळखीच्या, हाडं बसवणाऱ्या एका वैद्याला उभं केलं. तो लुगोसीपेक्षा उंच होता, चेहऱ्याने जरासुद्धा मिळताजुळता नव्हता. म्हणून सिनेमाभर तो झग्याने तोंड झाकून फिरतो.

पुढची वीस वर्षं दारूची, पोट भरण्यासाठी लिहिलेल्या स्वस्त कामुक कादंबऱ्यांची आणि थकलेल्या भाड्यांची. घरातून बाहेर काढल्यावर काहीच दिवसांत, १० डिसेंबर १९७८ला वुड वारला. वय ५४. ‘सर्वांत वाईट’ ही पदवी १९८०ची, आणि गंमत म्हणून पुन्हा पाहिले जाणारे त्याचे सिनेमे त्यानंतरचे. १९९२मध्ये रुडॉल्फ ग्रे याने वुडच्या ओळखीच्या माणसांच्या आठवणी एकत्र करून पुस्तक केलं. त्यात एकाच प्रसंगाबद्दल दोन माणसं दोन गोष्टी सांगतात.

अडचण

स्कॉट अलेक्झांडर आणि लॅरी कारझेव्स्की हे दोघे पटकथाकार दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चित्रपट विभागातले जुने सोबती. ‘प्रॉब्लेम चाइल्ड’ (१९९०) या बालविनोदी सिनेमामुळे त्यांच्यावर शिक्का बसला होता आणि तशीच कामं समोर येत होती. त्यातून सुटण्यासाठी त्यांनी वुडवर दहा पानांचा आराखडा लिहून आपला विद्यापीठातला मित्र, दिग्दर्शक मायकेल लेहमन याला दिला. त्याने तो निर्माती डेनिस डी नोवीकडे नेला आणि तिच्याकडून तो बर्टनपर्यंत पोचला. सुरुवातीला लेहमन दिग्दर्शन करणार आणि बर्टन निर्मात्यांपैकी एक असणार, असं ठरलं होतं. पण बर्टनचा हातातला दुसरा चित्रपट स्टुडिओशी न पटल्याने सुटला, लेहमन दुसरीकडे अडकलेला होता, आणि बर्टनने स्वतःच दिग्दर्शन करायचं ठरवलं. अट एकच, पटकथा लवकर हवी. दोघांनी सहा आठवड्यांत १४७ पानं लिहून दिली. पहिलाच खर्डा वाचून, काहीही बदल न सांगता, बर्टन तयार झाला.

इथपर्यंत सगळं सुरळीत वाटतं, पण विषयातच तीन गाठी होत्या. आयुष्याचा शेवट असा की दोन तास पाहून प्रेक्षक खचूनच बाहेर पडेल. माणसाची ओळख अशी की त्याच्या नावावर हसायलाच लोक येतील. आणि ज्याला यश मिळालंच नाही अशा दिग्दर्शकावरच्या सिनेमाला प्रेक्षक किती, याचं आश्वासक उत्तर कुणाजवळ नव्हतं.

पहिला निर्णय : कुठली वर्षं घ्यायची

हा निर्णय पटकथा लिहायच्या आधीच घ्यावा लागतो. नंतर संकलनाच्या टेबलावर तो दुरुस्त होत नाही.

एक पर्याय जन्मापासून मृत्यूपर्यंतचा. चरित्रपटांचा हा नेहमीचा रस्ता, आणि बहुतेक चरित्रपट इथेच घसरतात. पन्नास वर्षं दोन तासांत कोंबली की एकेका वर्षाच्या वाट्याला अडीच मिनिटंसुद्धा येत नाहीत. मग प्रसंग उरत नाहीत, नुसत्या नोंदी उरतात. लहानपणीची एखादी जखम दाखवायची आणि पुढचं सगळं तिच्यावर ढकलायचं, ही खोडही त्यातूनच लागते. दुसरा पर्याय शेवटापासून मागे जाण्याचा : वुड वारला ती १९७८ची खोली, आणि तिथून आठवणी. यात पहिल्या मिनिटालाच माणूस हरलेला दिसतो, आणि तरुण वुडचा प्रत्येक उत्साह प्रेक्षक कीव करत पाहतो.

लेखकांनी तिसरा रस्ता धरला. साधारण १९५२ ते १९५७ एवढीच वर्षं घेतली आणि तीन सिनेमे म्हणजे तीन अंक केले. प्रत्येक अंकाचं यंत्र सारखंच : पैसा शोधणं, पैसेवाल्याची अट गिळणं, चित्रीकरण, फजिती, आणि पुन्हा पैसा. एकच चक्र तीनदा फिरलं तर कंटाळा यायला हवा. तो येत नाही, कारण त्याच्या आत लुगोसीची दुसरी रेघ चढत आणि उतरत जाते. पहिल्या अंकात त्याची ओळख होते, दुसऱ्यात रुग्णालय आणि मैत्री येते, आणि तिसरा अंक सुरू होतो तोवर तो गेलेला असतो. ‘प्लॅन ९’च्या वेळी वुडजवळ फक्त फीत उरते. ती फजिती विनोदी असूनही घशात अडकते, ती या रचनेमुळे.

मराठी वाचकाला याचं जवळचं उदाहरण माहीत आहे. परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ने (२००९) दादासाहेब फाळक्यांच्या आयुष्यातली १९११पासूनची मोजकीच वर्षं घेतली, ‘राजा हरिश्चंद्र’ पुरा होईपर्यंतची आणि त्यानंतरच्या लंडनवारीची. नाशिकमधले फाळक्यांचे अखेरचे हलाखीचे दिवस त्यात नाहीत. दोन्ही सिनेमांनी एकच गोष्ट हेरली : माणूस कामात बुडालेला असतो ती वर्षं पडद्यावर धावतात.

दुसरा निर्णय : हसायचं कुणाला

‘सर्वांत वाईट दिग्दर्शक’ हे लेबल विकायला सोपं होतं. त्याच्या चुकांची माळ ओवली असती तर दीड तासाचा विनोदी सिनेमा सहज झाला असता. पण बर्टनला वुड मनापासून आवडत होता. त्यामागे त्याचं स्वतःचं एक नातंही होतं : लहानपणापासूनचा त्याचा आदर्श, भयपटांचा नट व्हिन्सेंट प्राइस. बर्टनच्या १९८२च्या लघुपटाला प्राइसने आवाज दिला होता, ‘एडवर्ड सिझरहँड्स’मध्ये (१९९०) कामही केलं होतं. ‘एड वुड’चं चित्रीकरण झालं त्याच वर्षी, ऑक्टोबर १९९३मध्ये, प्राइस वारला. उतारवयातला भयपटांचा नट आणि त्याच्यावर जीव टाकणारा तरुण दिग्दर्शक, ही जोडी बर्टनला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

चित्रपटातला एक छोटा प्रसंग जवळून पाहू. ‘ब्राइड ऑफ द मॉन्स्टर’चं चित्रीकरण चालू आहे. अवाढव्य पैलवान टोर जॉन्सन दारातून बाहेर पडताना चौकटीला धडकतो आणि सगळी भिंत हलते. कॅमेरामन विचारतो, पुन्हा घ्यायचा का? वुड म्हणतो, नको. त्याचं म्हणणं असं की हे पात्र एवढं धिप्पाड आहे, त्याला रोजच दाराशी झगडावं लागत असणार. वुडची भूमिका करणारा जॉनी डेप हे वाक्य म्हणताना डोळे मिचकावत नाही की थांबत नाही. वुडला खरंच तसं वाटतं आहे. आपण हसतो, आणि हसताना क्षणभर त्याचं म्हणणं पटतंही. डेपने इथे एवढासा जरी इशारा केला असता की ‘बघा, किती वेडा आहे हा’, तर उरलेल्या सिनेमातली सहानुभूती गेली असती. अशा सिनेमात नटाने विनोदाची जाणीव प्रेक्षकासाठी राखून ठेवायची असते, स्वतः कधीही घ्यायची नसते.

तिसरा निर्णय : रंग नको

सगळं प्रकरण या निर्णयाभोवती फिरलं, म्हणून इथे जास्त थांबायला हवं.

लुगोसीची भूमिका मार्टिन लँडाऊ करणार होता आणि रंगभूषेचं काम रिक बेकरकडे होतं. चाचण्यांच्या वेळी साधा प्रश्न निघाला : लुगोसीच्या डोळ्यांचा रंग कोणता? प्रश्नातच उत्तर होतं. लुगोसी सगळ्यांच्या मनात होता तो काळ्या-पांढऱ्या पडद्यावरचा. रंगीत लुगोसी जवळजवळ कुणीच पाहिलेला नव्हता. तो रंगीत दिसला असता तर लुगोसी वाटलाच नसता, त्याची नक्कल करणारा एक चांगला नट वाटला असता.

याला तांत्रिक बाजूही आहे. खरी त्वचा थोडी पारदर्शक असते. खालचं रक्त, लाल-पिवळे डाग, थंडीने निळसर झालेला कान, हे सगळं तिच्यात दिसतं. रबराचा किंवा जिलेटिनचा तुकडा रंगीत फिल्मवर पकडला जातो तो बहुधा रंगामुळे, कारण त्याचा रंग एकसुरी असतो. कृष्णधवल फिल्मवर हा फरक करड्या छटेत विरून जातो. पण कडा लपत नाहीत. तुकड्याची कड नीट पातळ केलेली नसेल तर बाजूने आलेला प्रकाश तिची बारीक सावली पाडतो आणि सगळं उघडं पडतं. बेकरने लँडाऊच्या चेहऱ्यावर मुळातच फार काही चढवलं नाही. लुगोसीची आठवण होईल इतकंच केलं, चेहरा हलायला मोकळा ठेवला. उरलेलं काम लँडाऊने केलं. त्याने लुगोसीचे पंचवीसेक सिनेमे आणि सात मुलाखती पाहिल्या, आणि हंगेरियन हेल दाबून इंग्रजी बोलू पाहणाऱ्या माणसाचा उच्चार बसवला. नुसता हेल काढून बोलण्यापेक्षा हे कितीतरी अवघड असतं.

आता स्टुडिओची बाजू. ती मूर्खपणाची नव्हती. त्या काळी चित्रपटाचा पैसा चित्रगृहांतून थोडा आणि व्हिडिओ कॅसेट, दूरचित्रवाणी आणि परदेशी विक्रीतून बराच येई. या तिन्ही ठिकाणी कृष्णधवल म्हटलं की भाव पडायचा. १९८०च्या ‘रेजिंग बुल’नंतर मोठ्या स्टुडिओचे कृष्णधवल सिनेमे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. ‘शिंडलर्स लिस्ट’ पडद्यावर यायला अजून आठ महिने होते. कोलंबियासमोर दाखवायला ताजं यशस्वी उदाहरण नव्हतं.

मधला मार्ग असा असतो की रंगीत निगेटिव्हवर चित्रीकरण करायचं, चित्रगृहांसाठी काळ्या-पांढऱ्या प्रिंट काढायच्या आणि रंगीत आवृत्ती कॅसेटसाठी ठेवायची. वरवर सोयीचा, प्रत्यक्षात दोन्हीकडून मारणारा. कृष्णधवल दृश्यात लाल आणि हिरवा हे दोन रंग एकाच करड्या छटेवर येऊ शकतात. म्हणजे लाल झग्यातली बाई हिरव्या पडद्यापुढे उभी राहिली तर भिंतीत विरते. तिला सुटी काढायला मागून प्रकाश द्यावा लागतो, कपड्याची छटा बदलावी लागते. कृष्णधवलसाठी काम करणारे नेपथ्यकार आणि वेशभूषाकार म्हणूनच कपडे आणि भिंती रंगाने निवडत नाहीत, छटेने निवडतात. अशा सेटची रंगीत आवृत्ती भडक आणि बेंगरूळ दिसते. उलट, रंगासाठी सजवलेला सेट काळ्या-पांढऱ्यात सपाट होतो. शिवाय रंगीत आवृत्ती हातात असली की ती आज ना उद्या बाहेर येतेच. बर्टनने हा मार्ग नाकारला ते बरोबरच केलं, असं आमचं ठाम मत आहे.

चौथा निर्णय : कोणाच्या पैशावर

कोलंबियाचा प्रमुख मार्क कँटन याने सरळ नकार दिला नव्हता. कृष्णधवलला मान्यता हवी असेल तर बर्टनशी फर्स्ट-लूक करार हवा, ही त्याची अट होती. म्हणजे बर्टनचं पुढचं काम आधी कोलंबियाला दाखवायचं, त्यांनी नको म्हटलं तरच दुसरीकडे न्यायचं. धंद्याच्या हिशेबात ही अट वाजवी होती : या सिनेमात जोखीम घेतो, पुढच्यात भरपाई हवी. बर्टनपुढे तीन रस्ते होते. रंगीत काढायला राजी व्हायचं, करार करून पुढची वर्षं बांधून घ्यायची, किंवा चित्रपट दुसरीकडे न्यायचा. त्याने संपूर्ण मोकळीक मागितली आणि कँटनने चित्रपट टर्नअराउंडमध्ये टाकला.

टर्नअराउंड म्हणजे स्टुडिओ चित्रपट मारत नाही, बाजारात ठेवतो. दुसऱ्या स्टुडिओला घ्यायचा असेल तर त्याने आजवर झालेला खर्च, पटकथेचा वगैरे, पहिल्याला चुकता करायचा. यात वेळ हाच शत्रू असतो. दर आठवड्याला नटांच्या तारखा हलतात, तंत्रज्ञ दुसरी कामं धरतात, आणि ‘एका स्टुडिओने सोडलेला सिनेमा’ असा डाग बसतो. इथे डाग बसला नाही, कारण पटकथा पूर्ण होती, खर्च आटोपशीर होता आणि बर्टनच्या नावाला वजन होतं. वॉर्नर, पॅरामाउंट आणि फॉक्स या तिघांनीही उत्सुकता दाखवली. बर्टनने निवडलं डिस्नेला. ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’च्या निमित्ताने तिथे त्याचे संबंध जुळलेले होते. डिस्नेने टचस्टोन या आपल्या शाखेतून १ कोटी ८० लाख डॉलरचं बजेट आणि पूर्ण मोकळीक दिली. बर्टनने मानधन घेतलं नाही.

मानधन सोडण्याला भावनेची बाजू आहेच, पण ती वाटाघाटीतली चालही आहे. दिग्दर्शकाचा आकडा बजेटमधून गेला की बजेट खाली येतं, आणि बजेट जितकं खाली तितकी कृष्णधवलची भीती कमी. मोकळीक हवी असेल तर तिची किंमत आधी स्वतःच्या खिशातून काढून दाखवावी लागते. अर्थात हे ज्याच्या पाठीशी दोन ‘बॅटमॅन’ आहेत त्यालाच परवडतं. पहिल्या सिनेमाच्या दिग्दर्शकाने मानधन सोडलं तर वाटाघाटीत त्याचं पारडं जड होत नाही, त्याच्या घरचा महिना मात्र अडतो.

प्रत्यक्ष काम

चित्रीकरण ऑगस्ट १९९३मध्ये सुरू झालं आणि ७२ दिवस चाललं. छायालेखन स्टीफन चाप्स्कीचं. नेहमीचा संगीतकार डॅनी एल्फमन या वेळी नव्हता. हॉवर्ड शोरने संगीत दिलं आणि त्यात थेरेमिन वापरलं. हात न लावता, हवेत हालवून वाजवायचं हे वाद्य पन्नाशीतल्या परग्रहपटांचं ओळखीचं. ते वाजवायला लिडिया काविनाला घेतलं, जी खुद्द लिऑन थेरेमिनकडे शिकलेली.

सर्वांत नाजूक काम होतं वुडच्या सिनेमांतली दृश्यं जशीच्या तशी पुन्हा उभी करण्याचं. वाईट दृश्याची नक्कल चांगल्या दृश्याच्या नकलेपेक्षा कठीण. वाईटपणालाही घडण असते : कॅमेरा कुठल्या उंचीवर होता, प्रकाश किती सपाट होता, नट वाक्याच्या मध्येच कुठे पाहतो, पडदा किती लोंबतो. यातलं एक जरी चुकलं तर ज्याने मूळ पाहिलं आहे त्याला लगेच कळतं, आणि ज्याने पाहिलेलं नाही त्याला ते ‘मुद्दाम वाईट केलेलं’ वाटतं. चित्रपटात मूळ चौकटींशी जवळजवळ जुळणाऱ्या चौकटी दिसतात आणि कॅमेरा मागे सरकला की तीच चौकट कशी जेमतेम उभी आहे ते दिसतं. विमानाच्या कॉकपिटला साधा पडदा, गवतावर कलंडलेलं थडगं, पाण्यात पडलेला रबरी ऑक्टोपस.

तो ऑक्टोपसचा प्रसंग सबंध सिनेमाचं मर्म आहे. यंत्र चालत नाही, म्हणून म्हाताऱ्या लुगोसीला रात्री थंड पाण्यात बसून रबरी हात स्वतःच अंगाभोवती हालवावे लागतात, आणि वर ओरडावंही लागतं. दृश्य हास्यास्पद आहे. पण लँडाऊ ते ज्या निष्ठेने करतो त्याने हसू मध्येच थांबतं. व्यावसायिक नट कितीही वाईट जागी उभा केला तरी काम करतोच, हे इथे एकही वाक्य न बोलता कळतं.

निकाल

सप्टेंबर १९९४मध्ये न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात पहिला खेळ झाला. आधी मोजक्या चित्रगृहांत आणि ७ ऑक्टोबरला ६२३ चित्रगृहांत तो लागला. अमेरिकेतला गल्ला ५९ लाख डॉलरच्या आसपास थांबला. तिकिटाच्या पैशातला ढोबळ निम्मा वाटा चित्रगृहांचा धरला तर स्टुडिओच्या हाती आले जेमतेम तीस लाख, आणि जाहिरातीचा व प्रिंटचा खर्च वेगळाच. म्हणजे चित्रगृहांतून बजेटचा सहावा भागही निघाला नाही. कोलंबियाची भीती आकड्यांपुरती खरी ठरली.

दुसरीकडे, समीक्षकांनी चित्रपट डोक्यावर घेतला. २७ मार्च १९९५ला लँडाऊला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. याआधी दोन नामांकनांवर त्याला थांबावं लागलं होतं. बेकर, व्ही नील आणि योलांडा टूसँग यांना रंगभूषेचं ऑस्कर मिळालं. ज्या चेहऱ्यासाठी रंग सोडला, त्याच चेहऱ्याने दोन्ही पुरस्कार आणले. १९९५मध्ये कान महोत्सवाच्या स्पर्धेतही चित्रपट होता. अलेक्झांडर आणि कारझेव्स्की यांची तर वाटच बदलली. ज्यांच्यावर कुणी चरित्रपट काढणार नाही अशा माणसांचे चरित्रपट, ही त्यांची ओळख झाली. लॅरी फ्लिंट, अँडी कॉफमन आणि २०१९मध्ये ‘डोलमाइट इज माय नेम’मधला रुडी रे मूर. हा शेवटचा तर पुन्हा स्वतःच्या हिमतीवर, तुटपुंज्या पैशांत सिनेमा काढणाराच.

वेगळं काय करता आलं असतं

प्रदर्शनाचा वेग हा पहिला मुद्दा. तोंडी कौतुकावर चालणाऱ्या सिनेमाला शहरागणिक हळूहळू पसरू द्यावं लागतं. आठवडा-दीड आठवड्यात सहाशे पडद्यांवर गेला की मधल्या गावांत तो रिकाम्या खुर्च्यांपुढे चालतो, आणि बातमी रिकाम्या खुर्च्यांची होते. फेब्रुवारीत नामांकनं आली तेव्हा चित्रपट चित्रगृहांत मजबूत असता तर हिशेब थोडा तरी सुधारला असता. मूळ तोटा यानेही भरून निघाला नसता. त्यासाठी बजेटच एक कोटीच्या आत हवं होतं, आणि ७२ दिवसांच्या चित्रीकरणात, पन्नाशीतलं लॉस एंजेलिस उभं करून, ते शक्य नव्हतं.

दुसरा मुद्दा खऱ्या माणसांचा, आणि आम्हाला तो जास्त टोचतो. चित्रपटातला लुगोसी एकटा राहतो. खरा लुगोसी मृत्यूच्या वेळी विवाहित होता आणि त्याला मुलगाही होता. पडद्यावरचा लुगोसी सर्रास शिव्या देतो. वडील तसे बोलत नसत, असं मुलाने सांगितलं. वुडची मैत्रीण आणि नायिका डोलोरेस फुलर हिलाही आपलं चित्रण रुचलं नाही. पुढे तिने एल्विस प्रेस्लीसाठी गाणी लिहिली, पण चित्रपटात हे शेवटच्या पाटीवर उरकलं जातं. लुगोसीचा एकटेपणा कथेसाठी किती कामाचा आहे हे समजतं : घरी बायको असती तर मध्यरात्री वुडला फोन कशाला केला असता? तरीही हयात नातेवाइकांना पटकथा आधी वाचायला देणं, हरकत कुठे आहे ते ऐकणं आणि मग बदलायचं की नाही ते ठरवणं, हे एका दुपारचं काम असतं. हक्क त्यांच्याकडे नसला तरी हे करावं.

‘सिटिझन केन’चा दिग्दर्शक ऑर्सन वेल्स याची भेटही खरी नाही. बारमध्ये वुडला वेल्स भेटतो आणि दोन दिग्दर्शक बरोबरीने आपापली रडगाणी सांगतात. शिवाय त्यात वेल्स तक्रार करतो की चार्ल्टन हेस्टनला मेक्सिकन म्हणून आपल्या गळ्यात मारतायत, आणि वास्तव नेमकं उलट होतं : हेस्टनच्या शब्दामुळेच वेल्सला तो सिनेमा, ‘टच ऑफ ईव्हिल’, दिग्दर्शित करायला मिळाला. पण हा प्रसंग काढावा असं आम्ही म्हणणार नाही. इथे कुणा हयात माणसाचं नुकसान होत नाही, आणि वुड स्वतःला कुणाच्या रांगेत पाहत होता हे दुसऱ्या कुठल्याही मार्गाने इतकं थेट सांगता आलं नसतं. काल्पनिक प्रसंग घ्यायचा तर तो असा घ्यावा.

राहिला शेवट. ‘प्लॅन ९’चा पहिला खेळ चित्रपटात भव्य पँटेजिस थिएटरमध्ये होतो, खचाखच भरलेल्या. प्रत्यक्षात तो लॉस एंजेलिसच्या कार्लटन थिएटरमध्ये झाला होता. खेळ अर्ध्यावर सोडून वुड आणि त्याची होणारी बायको कॅथी धो धो पावसात, टप न चढणाऱ्या गाडीतून लास व्हेगासला लग्न करायला निघतात. मग पाट्या येतात आणि उरलेली एकवीस वर्षं चार ओळींत संपतात. दारू, कादंबऱ्या, ती शेवटची खोली हे पाट्यांवर ढकलणं म्हणजे पळवाट, असा आक्षेप घेता येतो. त्यातला एखादा क्षण, कॅथीच्या नजरेतून, दाखवता आला असता. पण तो दाखवला असता तर त्याआधीच्या पावसातल्या गाडीकडे पाहताना वुडला जे वाटत होतं ते आपल्याला वाटलं नसतं. आपण सर्वोत्तम सिनेमा काढला आहे आणि लोकांना तो कायम आठवणार आहे, याची त्याला त्या रात्री पक्की खात्री होती.